सात माणसं, सहा तिकिटं

२६ जुलै २००५ ला मंगळवार होता. संध्याकाळी कुर्ल्याच्या अलीकडे आमची डबलडेकर थांबली ती थांबलीच. आधी पाणी पायरीला लागलं, मग आत आलं, मग कंडक्टरने खालच्या सगळ्यांना वर पाठवलं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की खाली रस्ता नाही, नुसतं पाणी आहे, आणि फोन लागत नाहीत. वरच्या मजल्यावर आम्ही तीसेक जण रात्रभर बसून होतो. त्यातलं कुणीच कुणाला ओळखत नव्हतं.

त्या रात्रीच्या माणुसकीबद्दल खूप लिहिलं गेलंय आणि ते सगळं खरं आहे. आमच्या बसमध्येही कुणीतरी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडला, एकाने स्वतःचा कोरडा शर्ट एका शाळकरी मुलाला घातला. पण मला त्या रात्रीतला एक अर्धा तास जास्त आठवतो. दोनच्या सुमारास माझ्या पुढच्या सीटवरच्या आजींना त्यांची पैशांची पर्स सापडेना. त्यांनी कुणावर आळ घेतला नाही. फक्त हळू आवाजात म्हणाल्या, "इथंच होती हो." कंडक्टरने बॅटरी लावली. तीस माणसं गप्प झाली. बिस्किटं वाटणाऱ्याने आपली बॅग कुणी न सांगता उघडून दाखवली, आणि त्याने ती का दाखवली असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. अर्ध्या तासाने पर्स त्यांच्याच पिशवीच्या तळाशी, ओल्या टॉवेलच्या घडीत सापडली. सगळे हसले, कुणी देवाचं नाव घेतलं. पण उजाडेपर्यंत त्यानंतर कुणी कुणाशी फारसं बोललं नाही.

या अर्ध्या तासावर नाटक लिहायचं हे मी तेव्हाच ठरवलं होतं, असं नाही. मी पुढे मुंबई सोडून माहेरच्या गावी, सांगली जिल्ह्यात परत आले, इथल्या एका हौशी नाट्यमंडळात काम करू लागले. २०१७ च्या पावसाळ्यात आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते म्हणाले की यंदा आपण सामाजिक नाटक करतो, पुढच्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेला रहस्यनाटक करू, लिहिणार का? मी हो म्हटलं. अनोळखी माणसं, अडकलेली जागा, एक मृत्यू. हा प्रकार मी शाळेपासून वाचत आलेय, मला तो मनापासून आवडतो, आणि आवडतं ते लिहिता येईल अशी माझी समजूत होती.

पहिला खर्डा तीन आठवड्यांत झाला. घाटात दरड कोसळते, एसटी अडकते, प्रवासी जवळच्या जुन्या डाक बंगल्यात आसरा घेतात, सकाळी बंगल्याचा खानसामा मेलेला सापडतो. घाटाचं नाव नाटकात कुठेच घेतलं नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर आंबोली होती: वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, हातभर अंतरावरचं दिसू न देणारं धुकं आणि शेवाळलेला जांभा. अकरा प्रवासी होते. पहिल्या पाच मिनिटांतच ते एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले.

वाचन मंडळाच्या खोलीवर झालं. संपल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगातलं सामान, सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, ही माणसं आत्ता भेटलीयत ना? मग इतकी भांडतायत कशाला? आपण अडकलो तर आधी चहाचं बघतो." आणि अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला, जो या प्रकारात लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातोच: "निघून का जात नाहीत ती?"

पुढचं वर्षभर मी या दोन प्रश्नांवरच काम केलं.

काकूंचं म्हणणं मला पहिल्या क्षणी पटलं, कारण मी त्या बसमध्ये होते. अडकलेली अनोळखी माणसं आधी चांगलीच वागतात. मी मात्र लिहिताना वाचलेल्या गोष्टींमधून माणसं उचलली होती: उर्मट श्रीमंत, घाबरट बाई, गूढ म्हातारा. पाहिलेली माणसं बाजूलाच राहिली होती. इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांच्याबद्दलची एक गोष्ट या काळात मला फार उपयोगी पडली. डिसेंबर १९३१ मध्ये त्या ओरिएंट एक्सप्रेसने परतत असताना पावसाने रूळ खचले आणि गाडी अडकून पडली. त्यांनी नवऱ्याला लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात सहप्रवाशांची वर्णनं केली. १९३४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' या त्यांच्या कादंबरीत त्या पावसाचं बर्फ झालं, तेही हवेतून आलेलं नव्हतं: १९२९ मध्ये हीच गाडी तुर्कस्तानात हिमवादळात कित्येक दिवस रुतली होती. म्हणजे ज्या लेखिकेला आपण कोडी रचणारी म्हणतो, तिने आधी डब्यात बसून माणसं बघितली होती. मी माझी वही काढली आणि डबलडेकरमधली माणसं आठवतील तशी लिहून काढली. कपडे, सामान, कोण कसं बसलं होतं, कुणी काय खाल्लं. संशय या सगळ्यातूनच यायला हवा होता. जो माणूस जास्त मदत करतो, त्याच्याकडेच लोकांचं लक्ष जातं. त्याला कंदील कुठे ठेवलाय हे कसं माहीत?

हा कंदिलाचा प्रश्न नाटकाचा पहिला खरा धागा ठरला. दिवे जातात, सगळे चाचपडतात, आणि प्रवाशांमधला एक जण सरळ जाऊन कोनाड्यातून कंदील काढतो, काच पुसतो, लावतो. सगळे त्याचे आभार मानतात. प्रेक्षकही मानतात. त्यातलं जे खटकायला हवं ते वीस मिनिटांनी खटकतं.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर जास्त मेहनतीचं होतं. जागा बंद करणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. प्रेक्षक हुशार असतो, तो खुर्चीत बसून बाहेर जायच्या वाटा शोधत असतो, आणि एक जरी वाट उघडी राहिली तर त्याचा पुढच्या भीतीवर विश्वास बसत नाही. सर्वांत मोठी वाट मोबाइलची. रेंज नाही असं लिहून मी सुरुवातीला भागवलं होतं, पण ते ऐकताना लोकांच्या चेहऱ्यावर "बरं, समजलो" असे भाव येत होते. म्हणून नाटक जुलै १९८९ मध्ये नेलं. त्या महिन्यात अंबा नदीच्या पुराने रायगड जिल्ह्यातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं होतं. बंगल्यातल्या ट्रान्झिस्टरवर ती बातमी येते, आणि मग यंत्रणा इकडे या घाटात आजच का येणार नाही, हे पात्रांना वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या चाळिशीपुढच्या प्रेक्षकांना तो पाऊस आठवत होता. बातमी येताच नाट्यगृहात जी शांतता पसरली, ती मी लिहिलेल्या कुठल्याही वाक्याला मिळाली नाही.

पण बाहेरची दरड ही अर्धीच बाब. उरलेली अर्धी माणसाच्या आत असते. मी प्रत्येक पात्राच्या नावापुढे लिहिलं: हा आत्ता, पावसात, चालत निघाला तर याचं काय जाईल? एकाला सकाळी दहाला कोर्टात हजर व्हायचंय, त्याने तर निघायलाच हवं. मग तो का थांबतो? बाळंतीण लेकीकडे निघालेली आई का थांबते? उत्तर सापडलं नाही ते पात्र काढून टाकलं. असे अकराचे सात राहिले. शिवाय कंडक्टर आणि खानसामा. ड्रायव्हरला मी पहिल्याच प्रवेशात खाली गावात निरोप द्यायला पाठवलं. तो परत येत नाही, एवढंच आपल्याला कळतं. सात हा आकडा मला योग्य वाटतो. पडदा उघडल्यापासून दहा मिनिटांत प्रेक्षकाने सगळे चेहरे ओळखायचे असतात, आणि त्याहून जास्त माणसं झाली की तो संशय घ्यायचं सोडून मोजत बसतो. दहा माणसांना बेटावर नेऊन एकेक करून मारणारी ख्रिस्तींची १९३९ ची ती प्रसिद्ध कादंबरी, 'अँड देन देअर वेअर नन', सगळ्यांना सोपी वाटते. लेखिकेने मात्र स्वतः म्हणून ठेवलंय की ते फार कठीण होतं, आणि म्हणूनच त्यांना करावंसं वाटलं. मी नवव्या पात्राशी झगडताना हे वाचलं आणि दोन पात्रं कमी केली.

आता तिकिटांबद्दल, कारण या नाटकात मला सर्वांत जास्त अभिमान त्याचा आहे, आणि ते माझं नाही.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मामा राहतात. कंडक्टरचं पात्र खरं वाटावं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माळ्यावरून तिकिटांचा जुना पत्र्याचा ट्रे काढला, पंच काढला, आणि बोटांची सवय अजून तशीच असल्यासारखा टकटक वाजवून दाखवला. मग वे-बिल समजावलं. प्रत्येक टप्प्याला कुठल्या किमतीचं तिकीट कोणत्या नंबरपर्यंत गेलं हे लिहायचं, म्हणजे मध्येच तपासनीस चढला की गाडीत किती माणसं असायला हवीत ते कागदावरून कळतं. माणसं आणि तिकिटं जुळली नाहीत तर उत्तर कंडक्टरने द्यायचं. मी विचारलं, "मामा, गाडी अडकली, माणसं उतरून पळत एका घरात शिरली, तर तुम्ही काय कराल?" ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "मोजीन."

मी घरी परतेपर्यंत नाटकाचा मध्य सापडला होता. बंगल्यात सात प्रवासी आहेत, वे-बिलावर सहा. सातवा गाडीतून आलेला नाही, तो आधीपासून बंगल्यात होता. अंधार, घोंगड्या, इरली, पावसाचा मारा. पळापळीत तो गर्दीत मिसळला. कंदील त्यालाच सापडला होता.

दुसऱ्या दिवशी मामांकडे पुन्हा गेले, कारण यात भोकं होती. एखादा पासवाला असेल तर? मामा म्हणाले, त्याचीही नोंद होते. तेव्हा कंडक्टरच्या तोंडी "पासवालं कुणी नाही" हे वाक्य घातलं. आणि चेहरा? कंडक्टरने आपल्या सहा प्रवाशांना ओळखू नये का? यावर मामा जे बोलले ते मी तसंच्या तसं नाटकात घेतलं आहे, त्यांची परवानगी घेऊन. ते म्हणाले, "ताई, आम्ही तोंडं बघत नाही. आम्ही हात बघतो. दिवसभर हातच पुढं येतात." म्हणून दुसऱ्या अंकात आमचा कंडक्टर कंदिलाच्या उजेडात सातही जणांना हात पुढे करायला लावतो, एकेक हात बघत जातो, आणि एकापाशी थांबून म्हणतो, "या हातातून मी पैसे घेतलेले नाहीत."

तो माणूस खुनी आहे की नाही, ते मी इथे लिहिणार नाही. लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या 'द माऊसट्रॅप' या ख्रिस्तींच्याच रहस्यनाटकाच्या शेवटी प्रेक्षकांना गुपित राखायची विनंती करतात. आमच्या प्रयोगानंतर अण्णांनीही ती केली होती आणि लोकांनी पाळली. मीही पाळते.

हे धागे सगळे प्रेक्षकासमोर ठेवायचे, त्याच्यापासून काही लपवायचं नाही, यावर मी हटून बसले होते. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले होते: भुताखेतांना आणू नका, गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको, आधी कल्पना न देता जुळा भाऊ उभा करू नका, असे. ते नियम आता थोडे जुने वाटतात, पण त्यांच्या मुळाशी जो सरळपणा आहे तो मला पटतो. तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवायचं, पण त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. त्यासाठी मी जुन्या कालनिर्णयच्या पाठकोऱ्या पानांवर तक्ता केला. आडवी पात्रं, उभी वेळ, दर पंधरा मिनिटांना कोण कुठे. रंगमंचावर नसलेलं पात्रसुद्धा कुठेतरी काहीतरी करत असतं. या तक्त्यात एकदा लक्षात आलं की खून होतो त्या वेळी शिक्षिकेचं पात्र वीस मिनिटं कुठेच नाही. कुणी विचारलं नसतं कदाचित. पण मी चार दिवस तिच्यावर घालवले, आणि त्या वीस मिनिटांतून तिचा सगळा भूतकाळ निघाला.

जून २०१८ मध्ये संहिता नाटकांना प्रयोगाची परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली, प्रमाणपत्र आलं, आणि नारळ फोडून तालमी सुरू झाल्या.

अण्णांनी एक प्रयोग केला. शेवटचे दोन प्रवेश कुणालाच दिले नाहीत. खुनी कोण हे फक्त आम्हा दोघांना माहीत. हेतू असा की कुणी आधीपासून खुन्यासारखं वागू नये. झालं उलटंच: प्रत्येकाला वाटायला लागलं की आपणच असू, आणि सातही जण तिरके बघत, वाक्यं चावत बोलायला लागले. महिनाभराने पानं वाटली. मग ज्याच्या वाट्याला खुन्याचं काम आलं तो मुलगा इतका निरागस वागू लागला की पहिल्या प्रवेशातच कळावं. अण्णा त्याला म्हणाले, "तुला काय लपवायचंय ते विसरू नकोस, पण आत्ता तुला भूक लागलीय. पावसात भिजलायस. आधी पाय पूस." त्या संध्याकाळी तो खरोखर टॉवेल घेऊन पाय पुसत बसला आणि नाटक जागेवर आलं. भीती वाटायची असेल तर आधी ओल्या पायांवर विश्वास बसायला हवा, हे मला तेव्हा दिसलं.

नेपथ्याबद्दल जास्त लिहीत नाही. तीन फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या चौकटी, एक खिडकी, एक कोनाडा. कंदिलात ज्योतीऐवजी बॅटरीवरचा पिवळा दिवा बसवला आणि डिमरवरच्या मुलाने कंदील हलेल तसा सभोवतालचा उजेड हलवायचा सराव महिनाभर केला. पावसाच्या आवाजाने मात्र रडवलं. दोन तास सतत पाऊस वाजला की कान मरतात, संवाद बुडतात. आवाज कमी करून पाहिला, मध्येमध्ये तोडून पाहिला. शेवटी अण्णांनी पहिल्या अंकाच्या अखेरीला पाऊस एकदम थांबवला. नुसता पागोळ्यांचा थेंब थेंब. पाऊस थांबला म्हणजे सुटका व्हायला हवी, पण रंगमंचावर कुणीच हलत नाही, आणि माडीवर काहीतरी सरकल्याचा आवाज येतो. तिथे पडदा.

नोव्हेंबर अखेरीस सांगली केंद्रावर प्रयोग झाला. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं, तिथे उभं राहताना पोटात गोळा येतोच. मध्यंतरात मी चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिले, कारण रहस्यनाटकाच्या लेखकाला तिथे सगळं कळतं. चार ठिकाणी चार खुनी ठरले होते. एक आजोबा नातीला सांगत होते, "तो कंदीलवाला बघ." नात म्हणाली, "तो तर चांगला आहे." मला त्या दोघांना मिठी मारावीशी वाटली. आणि दुसऱ्या अंकात कंडक्टर वे-बिल उघडून तिकिटं जुळवू लागला, तेव्हा त्याने सहा म्हणायच्या आत मागच्या रांगेतून एक आवाज आला, "सात आहेत रे!"

आम्हाला अंतिम फेरी मिळाली नाही. प्रयोगानंतर पुष्कळ लोक आत येऊन भेटले, कौतुक केलं. गर्दी ओसरल्यावर एक बाई थांबल्या होत्या. साध्याच, हातात कापडी पिशवी. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं हो. फक्त तो खानसामा मेला, त्याच्यासाठी कुणी रडलं नाही. नावसुद्धा विचारलं नाही कुणी."

मी घरी येऊन संहिता चाळली. खरंच, दोन अंकांत त्याला कुणी नावाने हाक मारलेली नव्हती. सगळे त्याला खानसामा म्हणत होते, मीसुद्धा तक्त्यात तेच लिहिलं होतं. त्याने सात अनोळखी माणसांना रात्री पिठलं-भात करून घातला होता, आणि सकाळी तो त्या सगळ्यांसाठी फक्त एक कोडं झाला होता. हा या प्रकाराचाच दोष आहे, असं म्हणून मला सुटता आलं असतं. गोष्टीला वेग हवा, शोकाला वेळ कुठून आणायचा. पण त्या बाईंचा चेहरा जाईना.

आता आम्ही नाटक पुन्हा उभं करतोय, स्पर्धेबाहेर, तालुक्याच्या गावांमध्ये. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला मी चार मिनिटांचा प्रवेश वाढवला आहे. अजून कुणी कुणावर संशय घेतलेला नाही. शिक्षिका आपली शाल काढून त्याच्या अंगावर घालते. बाळंतिणीची आई त्याच्या उशाशी कंदील ठेवते. कंडक्टर वे-बिल उलटं करतो, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवतो आणि विचारतो, "नाव काय होतं यांचं?" सात माणसं एकमेकांकडे बघतात. आणि सातवा, जो गाडीतून आलेलाच नाही, तो खाली मान घालून नाव सांगतो.

परवाच्या तालमीत हा प्रवेश पहिल्यांदा उभा केला. कंडक्टरचं काम करणाऱ्या मुलाने लिहून झाल्यावर पेन्सिल खिशात ठेवली, मामांचा तो खरा पंच हातात घेतला, आणि न वाजवता तसाच खाली ठेवला. ते संहितेत नव्हतं. मी लिहून घेतलं.